खेळाडूच्या नावाची जर्सी: छपाई उत्तम, हमी शून्य

फुटबॉल क्लबच्या अधिकृत जर्सीवर आवडत्या खेळाडूचे नाव आणि क्रमांक छापून देण्याची सेवा आता इतकी सर्रास मिळते की तिचे वेगळे परीक्षण करावे असे सहसा कुणाला सुचत नाही. जर्सीच्या कापडाबद्दल, रंगाबद्दल आणि मापाबद्दल भरपूर लिहिले जाते. पाठीवरच्या नावाकडे मात्र चाहत्याची हौस म्हणून पाहिले जाते आणि विषय तिथेच संपतो. परंतु त्या नावासाठी वेगळे पैसे मोजावे लागत असतील, तर त्याची पारखही वेगळी व्हायला हवी. ज्याचे नाव आपण पाठीवर मिरवतो तोच खेळाडू क्लब सोडण्याचा हट्ट धरून बसला, तर या वस्तूचे आणि ती अंगात घालणाऱ्याचे काय होते, हा या परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे.

आधी वस्तूविषयी. माझ्याकडची जर्सी क्लबच्या परवान्याने विकली जाणारी, म्हणजे अधिकृत आहे आणि तिच्यावरची अक्षरे स्पर्धेने ठरवून दिलेल्या वळणाची आहेत. ही अक्षरे पातळ, लवचीक थराची असतात आणि हीट प्रेस यंत्रात काही सेकंद उष्णता व दाब देऊन ती पॉलिएस्टरच्या कापडावर चिकटवली जातात. काम सुबक झाले आहे, याविषयी शंका नाही: नाव सरळ रेषेत आहे, क्रमांक पाठीच्या बरोबर मध्यावर आहे आणि एकाही अक्षराची कड उचललेली नाही. जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवावी, जोराने पिळू नये आणि अक्षरांवर इस्त्री फिरवू नये, या सूचना मी पाळल्या. खुर्चीच्या पाठीवर जिथे सतत घासले जाते तिथे क्रमांकाच्या पोटात केसासारखे बारीक तडे दिसू लागले आहेत, पण तेही जर्सी उजेडात धरून डोळ्यांजवळ नेली तरच. थोडक्यात, नाव चिकटवण्याच्या कामात खोट काढता येत नाही.

खोट दिसते ती नाव काढायला गेल्यावर. हेअर ड्रायरची गरम हवा देत अक्षराचा कोपरा नखाने उचलला तर अक्षर सावकाश निघते, पण खाली गोंदाचा थर उरतो. तो खरवडून, पुसून काढला तरी अक्षराखालच्या कापडाला ऊन आणि धुणे लागलेले नसते, त्यामुळे ते आजूबाजूच्या कापडाइतके विटत नाही आणि गेलेले नाव गडद छटेत स्वच्छ वाचता येते. दुकानदार ‘नाव बदलून मिळत नाही’ असे सांगतो तेव्हा तो अडवणूक करत असतो असे नाही. खरोखरच ते नीट होत नाही. म्हणूनच रागावलेले चाहते नावावर चिकटपट्टी लावतात, वर दुसरे काहीतरी लिहितात किंवा सरळ काडी लावतात.

आता विक्रीच्या अटी. या सेवेतला सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. मी जर्सी मागवली तेव्हा हा खेळाडू जाणार अशा बातम्या रोज येत होत्या. दुकानाच्या यादीत मात्र त्याचे नाव सर्वांत वर होते आणि जाहिरातीतही चेहरा त्याचाच होता. पुढे तो गेला. विचारणा केल्यावर, वैयक्तिक छपाई केलेला माल परत घेतला जात नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा अधिकार ग्राहकाला असला, तरी त्याच्या मागणीनुसार खास तयार केलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. पण कायद्याने मिळालेली सूट वापरणे आणि ग्राहकाशी नीट वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत फॅनॅटिक्स या विक्रेत्याने, खरेदीनंतर ९० दिवसांत खेळाडूने संघ बदलल्यास जर्सी बदलून देण्याची योजना आणली. ती मुख्यतः तिथल्या लीगसाठी असली, तरी असे करणे व्यापाराला परवडते एवढे त्यावरून कळते. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण छापलेल्या नावावर परतफेड नाही ही अट इतरत्रही सर्रास दिसते.

ही वस्तू बाजारात कशी आली हे पाहिले तर तिच्यातला दोष अधिक स्पष्ट होतो. इंग्लंडमध्ये पूर्वी १ ते ११ हे क्रमांक जागेचे असत, माणसाचे नसत. ९ क्रमांक त्या दिवशी आघाडीला खेळणाऱ्याचा. १९९३-९४ च्या मोसमापासून प्रीमियर लीगने प्रत्येक खेळाडूला कायमचा क्रमांक आणि पाठीवर नाव दिले, आणि तेव्हापासून चाहत्यालाही एका माणसाचे नाव विकत घेता येऊ लागले. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपीय न्यायालयाने बोसमन खटल्यात निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघात दुसऱ्या क्लबकडे विनामूल्य जाण्याची मोकळीक मिळाली. करार संपत आला की खेळाडूचे पारडे जड होऊ लागले. ‘आत्ता विका, नाहीतर पुढच्या वर्षी फुकट जाईन’ हे न बोलताही सांगता येऊ लागले. म्हणजे क्लबांनी खेळाडूचे नाव विकायला काढले नेमके त्याच काळात, जेव्हा त्या नावावरची त्यांची पकड सैल होत होती. ज्यावर आपला पुरता ताबा नाही ते क्लब विकतात आणि ते निसटले की चाहत्यांचा राग खेळाडूच्या अंगावर जातो. क्लबच्या दुकानावर हुर्यो उडवायला कुणी जात नाही.

खेळाडूचा जाण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण चाहत्यांचा राग निव्वळ आततायीपणाचा असतो, हेही खरे नाही. तो कशावर निघतो हे बारकाईने पाहिले तर जाण्यापेक्षा जाण्याच्या रीतीवर तो जास्त निघतो असे दिसते.

२०२५ चा उन्हाळा याला उत्तम पुरावा आहे. १६ मार्च रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबने लिव्हरपूलला २-१ असे हरवून लीग कप जिंकला. १९५५ च्या एफए कपनंतर, म्हणजे ७० वर्षांनी, क्लबला देशांतर्गत मोठा चषक मिळाला होता, आणि त्या सामन्यातला दुसरा गोल अलेक्झांडर इसाकचा होता. त्या मोसमात त्याने लीगमध्ये २३ गोल केले. ‘इसाक १४’ ही जर्सी त्या वसंतात न्यूकॅसलच्या चाहत्याने घेतली नसती तरच नवल. उन्हाळ्यात मात्र तो संघासोबत आशियाच्या दौऱ्यावर गेला नाही. मांडीची दुखापत असे कारण देण्यात आले; नंतर तो आपल्या जुन्या क्लबच्या, रेआल सोसिएदादच्या, मैदानावर एकटा सराव करत असल्याचे समजले. १९ ऑगस्टला त्याने निवेदन काढले की आपल्याला दिलेला शब्द मोडला गेला आहे आणि हे नाते पुढे चालू शकत नाही. त्याच रात्री क्लबने उत्तर दिले की या उन्हाळ्यात जाऊ देऊ असा शब्द कोणत्याही अधिकाऱ्याने दिलेला नव्हता. त्याच्या कराराची तीन वर्षे शिल्लक होती. नवा मोसम सुरू झाला, न्यूकॅसलचे सामने त्याच्याविना झाले आणि गॅलरीत वसंतात त्याच्या नावाने गाणारे लोक आता त्याला लोभी ठरवणारी गाणी म्हणू लागले. १ सप्टेंबरला तो लिव्हरपूलला गेला. सुमारे १२.५ कोटी पौंडांची ही रक्कम ब्रिटिश फुटबॉलमधील विक्रमी होती.

त्याच दौऱ्यातला एक सामना या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ३ ऑगस्टला सोलमध्ये न्यूकॅसल आणि टॉटनहॅम यांच्यात मैत्रीपूर्ण लढत होती. न्यूकॅसलच्या संघात इसाक नव्हता. टॉटनहॅमकडून सन ह्युंग-मिन आपल्या मायदेशात खेळत होता आणि आदल्याच दिवशी त्याने क्लब सोडण्याचा निर्णय जाहीर केलेला होता. त्याला बदलून बाहेर बोलावले तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याभोवती जमले आणि तो रडत मैदानाबाहेर गेला. निघण्याची इच्छा दोघांचीही होती. पण एकाने दहा वर्षे दिली होती, मे महिन्यात युरोपा लीगचा चषक उचलला होता आणि जातो असे सर्वांसमोर सांगून तो मैदानात उतरला होता. दुसरा त्या मैदानावरच नव्हता. टॉटनहॅमच्या चाहत्याकडची ‘सन ७’ ही जर्सी त्या दिवशी जुनी झाली नाही, तिची किंमत वाढली. न्यूकॅसलच्या चाहत्याकडची जर्सी कपाटाच्या तळाशी गेली. कापड, छपाई आणि यंत्र यांत फरक काहीच नव्हता.

याच गोष्टीला एक उपकथानक आहे आणि ते चाहत्यांना फारसे शोभादायक नाही. इसाक गेला त्याच दिवशी न्यूकॅसलने ब्रेंटफर्डकडून योआन विसाला विकत घेतले. विसानेही आपल्याला जाऊ द्यावे म्हणून संघाचे सराव शिबिर सोडले होते आणि समाजमाध्यमांवर जाहीर निवेदन काढले होते. ब्रेंटफर्डच्या चाहत्यांनी त्याला नावे ठेवली. न्यूकॅसलमध्ये त्याला ९ क्रमांक मिळाला, ज्याला त्या शहरात जवळजवळ देव्हाऱ्यातले स्थान आहे, आणि दुकानात त्याचे नाव छापून मिळू लागले. आपल्याकडून जाणारा गद्दार आणि आपल्याकडे येणारा महत्त्वाकांक्षी, हा हिशेब प्रत्येक क्लबचा चाहता बिनदिक्कत करतो. मीही करतो. फक्त तो हिशेब करताना तत्त्वाचा आव आणू नये, एवढेच.

जर्सी जाळणाऱ्यांसाठी तर व्यवहाराचाच एक सल्ला आहे. मे २००५ मध्ये लिव्हरपूलने इस्तंबूलला युरोपियन कप जिंकला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, ५ जुलैला, कर्णधार स्टीव्हन जेरार्डने नवा करार नाकारल्याचे जाहीर झाले. तो चेल्सीला जाणार असे सर्वांनी धरून चालले आणि त्याच्या नावाची जर्सी जाळतानाचे दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले. दुसऱ्या दिवशी जेरार्डने मन बदलले आणि तो राहिला. तो लिव्हरपूलकडून खेळला २०१५ पर्यंत. जी जर्सी जाळली गेली ती आणखी दहा वर्षे घालता आली असती. वेन रूनीचेही तसेच: २० ऑक्टोबर २०१० रोजी त्याने निवेदन काढून मँचेस्टर युनायटेडच्या महत्त्वाकांक्षेवर शंका घेतली आणि २२ तारखेला पाच वर्षांचा नवा करार केला. त्या दोन दिवसांत त्याच्याबद्दल जे बोलले गेले ते पुढच्या फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याने हवेत उलटे झेपावून मारलेल्या गोलने बरेचसे धुऊन काढले, आणि क्लब सोडताना तो २५३ गोलांसह युनायटेडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. तरी अनेक जुने चाहते त्या ऑक्टोबरची आठवण काढल्याशिवाय त्याचे कौतुक पुरे करत नाहीत. डाग गेला तरी त्याची जागा कळते, तसेच काहीसे.

जायचे म्हणून शेवटी राहिलेल्यांत सर्वांत चमत्कारिक प्रकरण लुईस सुआरेझचे. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याला लिव्हरपूल सोडायचे होते. आर्सेनलने ४ कोटी १ पौंडाचा प्रस्ताव दिला, कारण करारात ४ कोटींच्या पुढच्या प्रस्तावाविषयी एक कलम होते. तो वरचा एक पौंड चाहत्यांना इतका झोंबला की सुआरेझवरचा अर्धा राग आर्सेनलकडे वळला. क्लबने विकायला नकार दिला, काही काळ त्याला संघापासून वेगळा सराव करावा लागला, आधीच्या निलंबनामुळे मोसमाचे पहिले सामनेही हुकले आणि एवढे सगळे होऊन त्याने त्या लीग मोसमात ३३ सामन्यांत ३१ गोल केले. पुढच्या उन्हाळ्यात तो बार्सिलोनाला गेला तेव्हा दुःख झाले, पण त्याला शिव्या देणारे फार थोडे होते. जर्सी घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर नाराज खेळाडूच्या नावाने एवढा परतावा क्वचितच दिला असेल.

जे जातात त्यांच्याबाबतीत, कुठे गेला हे पहिले विचारले जाते. सेस्क फाब्रेगास २०११ मध्ये आर्सेनल सोडून बार्सिलोनाला गेला, जिथे तो लहानाचा मोठा झाला होता. चाहते हळहळले, पण समजून घेतले. पुढच्याच वर्षी रॉबिन व्हॅन पर्सी, लीगमध्ये ३० गोलांचा मोसम संपवून, क्लबच्या धोरणाशी आपले पटत नसल्याचे सांगत मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. एप्रिल २०१३ मध्ये आर्सेनलच्या खेळाडूंना प्रथेप्रमाणे नव्या विजेत्यांसाठी मानवंदनेची रांग करावी लागली. त्या रांगेतून तो चालत गेला आणि सामन्यात पेनल्टीवर गोलही केला. त्याचा १० क्रमांक तोवर जॅक विल्शरला मिळालेला होता, म्हणजे जुन्या जर्सीवरचा आकडा चालू शकत होता, नाव तेवढे खुपत होते. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने तर कोणताही करार मोडला नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आणि सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये वाढलेल्या या खेळाडूने २०२५ मध्ये संपत आलेल्या कराराचे नूतनीकरण केले नाही आणि रेआल माद्रिद निवडले. ५ मे रोजी त्याने ते जाहीर केले आणि ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो उतरला तेव्हा क्लबच्या स्वतःच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच मैदानात काही जण टाळ्याही वाजवत होते. माझ्या मते तिथे चाहत्यांचे चुकले. ज्याने क्लबला सर्व मोठे चषक जिंकून देण्यात हात लावला आणि कोणताही करार मोडला नाही, त्याला एवढे देणे लागत होते. अर्थात जवळजवळ मोबदल्याविना जाण्याने क्लबचे नुकसान झाले, हा त्यांचा मुद्दाही पोकळ नाही.

राग नेहमी खेळाडूवरच निघतो असेही नाही. २५ ऑगस्ट २०२० रोजी लिओनेल मेस्सीने बार्सिलोनाला बुरोफॅक्स, म्हणजे कायदेशीर नोंद राहील असे पत्र, पाठवून जाण्याची इच्छा कळवली. चाहते क्लबच्या कॅम्प नू मैदानाबाहेर जमले ते अध्यक्ष बार्तोमेऊ यांच्या राजीनाम्याची मागणी करत. करार मोडून जायचे तर ७० कोटी युरो भरावे लागतील, अशा कलमामुळे त्याला तेव्हा राहावे लागले. त्याच कॅम्प नूवर लुईस फिगोला वेगळी वागणूक मिळाली होती. २००० मध्ये तो बार्सिलोना सोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथे कॉर्नर घ्यायला गेल्यावर त्याच्यावर बाटल्यांपासून डुकराच्या पिलाच्या मुंडक्यापर्यंत वस्तू फेकल्या गेल्या आणि पंचांना पाव तासाच्या आसपास खेळ थांबवावा लागला. याला निष्ठा म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही. तिकीट काढले म्हणून माणसाच्या अंगावर काहीही फेकण्याचा हक्क मिळत नाही.

गुण द्यायचे तर छपाईला पाचांपैकी साडेचार, धुण्यात टिकण्याला चार, नाव काढण्याच्या सोयीला शून्य आणि विक्रीच्या अटींना एक. दुकानांनी निदान एवढे करावे: ज्या खेळाडूच्या विक्रीची बोलणी चालू आहेत त्याचे नाव ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरावीक मुदत, उघडी असेपर्यंत जाहिरातीत पुढे करू नये, आणि त्या काळात छापलेल्या नावाचा खेळाडू विंडो संपण्याआधी गेला तर नव्या जर्सीवर सवलत द्यावी.

ग्राहकाने स्वतः करण्यासारखेही आहे. जर्सी उन्हाळ्यात घ्या, पण नाव छापणे विंडो बंद होईपर्यंत थांबवा. अनेक दुकाने नंतर नेलेल्या अधिकृत जर्सीवरही छपाई करून देतात. करार संपायला एक वर्ष उरले असेल त्याचे नाव टाळा, आणि ‘क्लबच्या महत्त्वाकांक्षे’विषयी मुलाखतीत बोलू लागला असेल त्याचे तर नक्कीच टाळा. निवृत्त झालेल्या दिग्गजाचे नाव जुन्या क्रमांकासह छापून मिळत असेल, तर तो सर्वांत बिनधोक सौदा. आणि या मोसमातलाच खेळाडू हवा असेल, त्यातही आघाडीचाच हवा असेल, तर एकदा राखीव गोलरक्षकाच्या नावाचाही विचार करा. त्याच्यासाठी कुणी ४ कोटी १ पौंडाचा प्रस्ताव घेऊन येण्याची शक्यता कमी असते.